बी.एस्सी.ला निघालेल्या, लेकीसारख्या विद्यार्थिनीस

प्रिय लेकी,

छत्रपती संभाजीनगरला प्रवेश झाला आणि रसायनशास्त्र मिळालं, हे तुझ्या वडिलांकडून कळलं. फार आनंद झाला. आपल्या मराठवाड्यात 1958 पर्यंत विद्यापीठच नव्हतं. निझामाच्या काळात पुढं शिकायचं तर हैदराबाद गाठायचं, आणि उस्मानिया विद्यापीठात तेही उर्दूतून. भूमसारख्या तालुक्यातल्या पोरीनं हे स्वप्नातही आणलं नसतं.

आधी कागदपत्रं. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आत्ताच काढून ठेव. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या संकेतस्थळावर, शिष्यवृत्तीचा फॉर्म भरला म्हणजे काम झालं असं समजू नकोस. कॉलेजातून तो पुढं गेला का, त्रुटी काढून परत आला का, हे लॉगिन करून बघत राहा. पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यातच येतात. जात पडताळणी राहिली असेल तर लगेच हात घाल. पणजोबांच्या शाळेची नोंद उर्दूत निघाली तर भाषांतर करून घ्यावं लागतं आणि त्यात दिवस जातात.

आता खरं सांगायचंय ते प्रॅक्टिकलचं. चार-पाच जणांची बॅच असते. एक जण टायट्रेशन करतो, म्हणजे एका द्रावणात दुसरं थेंबथेंब सोडून किती लागलं ते मोजतो, बाकीचे त्याचं रीडिंग उतरवून घेतात. मुली तर बऱ्याचदा वही लिहायलाच बसतात, कारण अक्षर चांगलं असतं. तू असं करू नकोस. ब्यूरेट, म्हणजे थेंब सोडायची ती खुणांची काचनळी, तू धर. फिनॉल्फ्थॅलीन या रंग बदलणाऱ्या दर्शकाचा फिकट गुलाबी रंग शेवटच्या थेंबाला येतो आणि फ्लास्क हलवल्यावरही टिकतो. आणखी थेंब पडले की गडद होतो, मग रीडिंग वाया. हे डोळ्याला कळायला स्वतःच्या हातानं पुन्हा पुन्हा करावं लागतं. चुकलं तर सरांना सांगून परत कर, कुणी ओरडत नाही. वाळूज, चिकलठाण्याच्या औषध कंपन्यांत क्वालिटी कंट्रोलची लॅब असते. तिथं मुलाखतीला मार्कशीटच्या पुढचं विचारतात: हे द्रावण कसं बनवलं, चूक कुठं होऊ शकते? ज्यानं रीडिंग नुसतं उतरवलंय, तो तिथं गप्प बसतो. अशी गप्प बसलेली हुशार पोरं मी पाहिली आहेत, म्हणून एवढं लांबण लावतोय.

एम.एस्सी. करायचं मनात असेल तर आयआयटीची जॅम ही प्रवेश परीक्षा असते, हे पहिल्याच वर्षी माहीत असू दे. ती फेब्रुवारीत होते, फॉर्म मात्र आदल्या वर्षीच भरावे लागतात, आणि शेवटच्या वर्षातली मुलंही बसू शकतात. आपल्याकडची पोरं निकाल लागल्यावर चौकशी करतात, तोवर वर्ष गेलेलं असतं. नोकरीच करायची असेल तर पदवीनंतर वर्षभराची अप्रेंटिसशिप मिळू शकते. स्टायपेंड असतो आणि कंपनीचं कामकाज आतून बघायला मिळतं. नव्या शैक्षणिक धोरणात चौथं, ऑनर्सचं वर्षही आहे. ते करायचं का, हे दुसऱ्या वर्षी ठरव.

एमपीएससीबद्दल विचारलं होतंस. जरूर दे, पण किती वर्षं द्यायची ते आधी घरी बसून ठरव आणि ठरलेलं पाळ. जागा मोजक्या, बसणारे लाखो. पंचविशी उलटून गेल्यावर अभ्यासिकेतच अडकलेली पोरं पाहून जीव तुटतो. त्यांची बुद्धी कमी नव्हती, कुठं थांबायचं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

आणि शंका विचार. तास संपल्यावर सरांच्या, मॅडमच्या मागं जा. बोलताना इंग्रजी अडखळलं तर मराठीत विचार. गावाकडच्या मुलांना वाटतं की विचारलं तर आपलं अज्ञान दिसेल. मला इतकी वर्षं शिकवताना विचारणारीच मुलं लक्षात राहिली, शिफारसपत्र मागायला आली तेव्हा त्यांच्याबद्दल लिहायला माझ्याकडं काहीतरी होतं.

दिवाळीला आलीस की प्रॅक्टिकलची वही घेऊन ये. रीडिंग तुझ्या हातची आहेत का, ते मला बघायचंय.

तुझा,
सर