रुग्णालयातले जिवाणू अँटिबायोटिकला दाद का देत नाहीत?

जिवाणूंना औषधाची ‘सवय’ होते असं म्हणतात, ते तितकंसं खरं नाही. कोट्यवधींच्या गर्दीत एखाद्याच्या जनुकात आधीच बदल झालेला असतो. औषधाने बाकीचे मेले की त्याला रान मोकळं. काही जण तर तयार जनुक बाहेरून मिळवतात. मेथिसिलिन हे अँटिबायोटिक १९५९ मध्ये आलं आणि १९६१ मध्ये इंग्लंडमध्ये त्याला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकोकस ऑरियस या जिवाणूची नोंदही झाली! ‘मेक-ए’ या जनुकामुळे त्यांच्यात पेशीभित्तिका (पेशीभोवतीची भिंत) बांधणारं एक बदली प्रथिन बनतं. त्याला औषध नीट चिकटत नाही, पेशीभित्तिकेचं बांधकाम चालूच राहतं.

मला जास्त धास्ती प्लाझमिडची वाटते. औषधाला न जुमानणारी जनुकं वाहणारं डीएनएचं हे छोटं कडं क्लेब्सिएला हा जिवाणू सरळ ई. कोलाय या दुसऱ्या जिवाणूला देऊन टाकतो, जात वेगळी असली तरी. त्यात आयसीयूमध्ये अँटिबायोटिकचा सततचा मारा, कॅथेटर (शरीरात घातलेल्या नळ्या), आणि खाटेगणिक न धुतलेले हात.