कोड्यात मात दिसते, पण डावात राजा निसटतो: तुमच्या प्रश्नावर थोडं सविस्तर

बुद्धिबळातली ‘मेट इन थ्री’ची (तीन चालींत मात करायची) कोडी भराभर सुटतात, पण डावात वजिराचा बळी दिला की दोन शहांनंतर राजा निसटतो आणि हातात काहीच उरत नाही, असं तुम्ही लिहिलं आहे. हे दुखणं माझ्या चांगलंच ओळखीचं आहे. मात करण्याचे नेहमीचे नमुने तुम्हाला पाठ असणार, म्हणून ते सोडतो. खरी गोम अशी, की नमुना ओळखीचा वाटला की आपण हिशोब करणं थांबवतो.

पट मांडूनच बघा (जी१, सी४ ही घरांची नावं: अक्षर उभ्या रांगेचं, आकडा आडव्या रांगेचा). पांढरा: राजा जी१, वजीर सी१, घोडा जी५, प्यादी एफ२, जी२, एच२. काळा: राजा जी८, वजीर बी८, हत्ती डी८, प्यादी जी७, एच७. चाल पांढऱ्याची. वजीर सी४, शह. राजा एफ८ ला गेला तर वजीर एफ७ वर लगेच मात, म्हणून तो एच८ ला जातो. घोडा एफ७ शह, राजा जी८. आता घोडा एच६, दुहेरी शह. जी७ चं प्यादं एरवी हा घोडा मारू शकलं असतं, पण वजिराचाही शह लागलेला असल्याने राजालाच हलावं लागतं. राजा एच८, वजीर जी८ वर बळी, हत्ती मारतो, घोडा एफ७, मात. पहिल्याच शहाला हत्ती डी५ वर आडवा घातला तरी सुटका नाही: वजिराने तो शह देतच मारायचा आणि पुढे तेच सगळं, फक्त शेवटी जी८ वर काळा वजीर येऊन मारतो.

आता एकच बदल करा. काळा हत्ती डी८ ऐवजी एफ८ वर ठेवा. डोळ्याला चित्र तेच दिसतं. वजीर सी४ शह, राजा एच८, घोडा एफ७ शह, आणि हत्ती घोडाच मारतो. तुम्ही वजिराने हत्ती मारलात की काळा वजीर बी१ वर येतो आणि मात तुमच्यावर होते! एफ२ चं आपलंच प्यादं मधे असल्याने तुमचा वजीर एफ१ वर परतू शकत नाही.

हे का होतं? शह दिला की आपली नजर राजाच्या मागे धावते: कुठे पळेल, कोणतं घर मोकळं आहे. शहाला उत्तरं तीन असतात, आणि ती उलट्या क्रमाने तपासायला हवीत असं माझं ठाम मत आहे. आधी शह देणारा मोहरा कोण मारू शकतो, मग आड कोण येऊ शकतं, आणि पळण्याची घरं सगळ्यात शेवटी. ‘कोण मारू शकतं’ हे पाहताना समोरच्याचा एकेक मोहरा मनात नाव घेऊन तपासा. कोपऱ्यातला लांबचा उंट आणि पिनमधून (हलला तर मागचा राजा उघडा पडेल अशा अडकणीतून) नुकताच सुटलेला मोहरा हमखास राहून जातात. आड येणारा मोहरा तिथून तुमच्याच राजाला शह देतो का, हेही बघा. दुहेरी शहात मात्र पहिले दोन प्रश्न बाद होतात, म्हणूनच तो इतका जहाल. १९१० साली व्हिएन्नात रेटी या नामवंत खेळाडूने तितक्याच नामवंत टार्टाकोव्हरविरुद्ध वजिराचा डी८ वर बळी दिला तो त्याच जोरावर. राजाने तो मारल्यावर उंट जी५ वर दुहेरी शह. राजा सी७ ला गेला तर उंट डी८ मात, ई८ ला गेला तर हत्ती डी८ मात. तिसरं काही नाहीच.

क्लासवाल्यांबद्दल थोडं बोलतोच. नाव घेत नाही, पण मी पाहिलेल्या एका क्लासमध्ये उत्तराची पहिली चाल बरोबर आली की ‘शाब्बास, पुढचं’. बाकीच्या लाईन (चालींचे पुढचे फाटे) कोणी विचारतच नाही. अशाने मुलांना बळी द्यायची सवय लागते, हिशोबाची नाही. घड्याळ लावून कोडी सोडवण्याच्या स्पर्धाही, निदान या दुखण्यावर, अपायच करतात असं मला वाटतं. (तीनशे-चारशे रेटिंगने वरचे खेळाडू कदाचित वेगळं सांगतील.)

सराव असा करा. रोज पाचच कोडी घ्या, मोहऱ्यांना हात न लावता. प्रत्येक शहाला असलेली सगळी कायदेशीर उत्तरं वहीत लिहा आणि मगच उत्तर उघडा. कोडं सुटलं की समोरच्याचा एक मोहरा एक घर सरकवा आणि मात अजून होते का ते पुन्हा शोधा. हा भाग सगळ्यात कंटाळवाणा आहे आणि सगळ्यात जास्त उपयोगाचा. लिचेस या बुद्धिबळाच्या वेबसाइटवर विषयानुसार कोडी फुकट मिळतात, पण ‘स्मदर्ड मेट’ (आपल्याच मोहऱ्यांनी कोंडलेल्या राजाला घोड्याने मात, वरच्या पहिल्या पटासारखी) असा विषय निवडून सोडवू नका; नाव आधी कळलं की निम्मं काम झालेलं असतं. मिश्र कोडी घ्या.

डावात प्रत्येक चालीला मात शोधत बसलात तर वेळ संपेल. समोरच्या राजाला पळायला एक किंवा शून्य घर उरलंय, किंवा त्याच्या बाजूला तुमचे हल्लेखोर त्याच्या रक्षकांपेक्षा जास्त आहेत, असं दिसलं तरच पाच मिनिटं खर्च करा. बळी देण्यापूर्वी आणखी एक पाहून घ्या: शेवटची मात दिसली नाही, तर निदान सतत शह देऊन बरोबरी सुटते का. सुटत असेल तर धीर करायला हरकत नाही. सुटत नसेल आणि लाईनमध्ये एक जरी शह नसलेली चाल असेल, तर त्या चालीला समोरच्याचे सगळे शह आधी मोजा.