अंतूर किल्ल्यावर एकट्याने जाऊन एका दिवसात परतता येईल का?

येईल, पण उन्हाळ्यात नको. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या कन्नडहून नागापूरमार्गे जा आणि गावात कुणाला तरी सांगूनच वर चढा. मला हेच सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, कारण दरीत मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही. घरीही सांगून ठेवा: अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर 112 या आपत्कालीन क्रमांकावर कळवायचं. गडावरच्या टाक्यांच्या भरवशावर राहू नका, तीन-चार लिटर पाणी पाठीवर हवंच. गौताळा अभयारण्याच्या या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे, म्हणून अंधाराआधी खाली या. आग्या मोहोळ दिसलं तर अत्तर, धूर, आरडाओरडा काहीही नको, गुपचूप मागे फिरा. वाट चुकलीच तर नाल्यात उतरू नका, आल्या पावली परत या.