वेस्ट व्हर्जिनियाने कौल दिला म्हणजे नक्की कुणी?

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझा लेख वाचला. भाषा सरळ आहे, आकडेही बरोबर आहेत. अडचण एका वाक्याची आहे आणि नेमका सगळा लेख त्याच वाक्यावर उभा आहे: ‘२०१६च्या प्रायमरीत वेस्ट व्हर्जिनियाने समाजवादाला कौल दिला.’ प्रायमरी म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक; डेमोक्रॅटिक पक्षाच्या त्या प्रायमरीत बर्नी सँडर्सना तिथे ५१ टक्के मतं पडली, हिलरी क्लिंटन ३६ टक्क्यांवर अडकल्या, राज्यातल्या ५५च्या ५५ काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारख्या) सँडर्सकडे गेल्या आणि सँडर्स स्वतःला समाजवादी म्हणवतात. यावरून तू निष्कर्ष काढून मोकळी झालीस.

आता त्याच राज्याचा आठ वर्षं आधीचा निकाल काढ. १३ मे २००८. याच हिलरी, समोर बराक ओबामा. हिलरींना ६७ टक्के, ओबामांना २६. आणि काउंट्या? तेव्हाही ५५च्या ५५, पण हिलरींच्या. पक्ष तोच, उमेदवार तीच आणि सगळ्या काउंट्या जिंकणारी बाई आठ वर्षांनी एकही राखू शकली नाही. दरम्यान त्या काही डाव्याच्या उजव्या झाल्या नव्हत्या. उलट, २००८च्या मानाने २०१६मध्ये त्यांची भूमिका थोडी डावीकडेच सरकली होती. म्हणजे डावं-उजवं ही फूटपट्टी इथे कामाची नाही. दुसरी शोधायला हवी.

ती सापडते मधल्या निवडणुकीत, जिच्याकडे तू बघितलंच नाहीस, कारण २०१२मध्ये ओबामा राष्ट्राध्यक्ष होते आणि पक्षात त्यांना आव्हान देणारं कुणी मोठं नाव नव्हतं. वेस्ट व्हर्जिनियाच्या मतपत्रिकेवर मात्र ओबामांच्या जोडीला आणखी एक नाव होतं: कीथ जड. हे गृहस्थ टेक्सासमधल्या टेक्सारकाना इथल्या केंद्रीय तुरुंगात साडेसतरा वर्षांची शिक्षा भोगत होते. गुन्हा, खंडणीसाठी धमकावल्याचा. त्यांनी तुरुंगातूनच अर्ज भरला, अडीच हजार डॉलर फी जमा केली, नाव लागलं. सभा नाही, जाहिरात नाही, राज्यात पाऊल नाही. आणि मतं पडली जवळजवळ ४१ टक्के. सत्तर हजारांहून जास्त माणसं मतदान केंद्रावर गेली, आपल्याच पक्षाच्या विद्यमान राष्ट्राध्यक्षांचं नाव वाचलं आणि शेजारच्या अनोळखी नावावर खूण करून घरी आली. काही काउंट्यांत तर हा कैदी पहिला आला. दोन आठवड्यांनी केंटकीत ४२ टक्के डेमोक्रॅट मतदारांनी ‘कुणालाच बांधील नाही’ हा पर्याय निवडला.

हे तिन्ही निकाल एका ओळीत मांडून बघ. २००८मध्ये ओबामा नकोत म्हणून हिलरी. २०१२मध्ये ओबामा नकोत म्हणून कुणीही. २०१६मध्ये हिलरी ओबामांच्या परराष्ट्रमंत्री राहून आलेल्या, त्यांचाच वारसा पुढे नेणार असं सांगत फिरणाऱ्या, म्हणून आता हिलरीही नकोत. वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरातल्या मतदाराने आपली जागा फारशी सोडलेली नाही. त्याच्यासमोर ‘त्यांचा माणूस’ म्हणून कोण उभं आहे, तेवढं दर वेळी बदललं.

‘त्यांचा’ म्हणजे कुणाचा, इथे तुला थोडं खोदावं लागेल. वेस्ट व्हर्जिनिया हे कोळशाचं राज्य. १९४०च्या दशकाच्या अखेरीस तिथे सव्वा लाखाच्या आसपास खाणकामगार होते. २०१६ येईपर्यंत त्यांची संख्या वीस हजारांच्याही खाली घसरली. मॅकडॉवेल काउंटीची लोकसंख्या १९५०मध्ये ९९ हजारांच्या घरात होती, २०२०च्या जनगणनेत ती १९ हजारांच्या आसपास भरली. यातला मोठा भाग यंत्रांनी खाल्ला, मग स्वस्त नैसर्गिक वायूने, पर्यावरणाचे नियम तर बरेच उशिरा आले. पण यंत्राविरुद्ध मत देता येत नाही. वॉशिंग्टनविरुद्ध देता येतं.

त्यात मार्च २०१६मध्ये ओहायोतल्या कोलंबसला एका टीव्ही कार्यक्रमात हिलरी बोलून गेल्या की, आपण बऱ्याच खाणकामगारांना आणि कोळसा कंपन्यांना धंद्याबाहेर काढणार आहोत. पुढच्याच वाक्यांत, या माणसांना वाऱ्यावर सोडायचं नाही, त्यांच्या भागात नवे रोजगार आणायचे, असं सगळं होतं. ते कुणी ऐकलं नाही. मे महिन्यात त्या मिंगो काउंटीतल्या विल्यमसनला गेल्या, तेव्हा काम गेलेला एक माणूस टेबलापलीकडे बसला होता. त्याने आपल्या मुलांचा फोटो त्यांच्यापुढे सरकवला आणि विचारलं की, आमची कामं घालवणार म्हणता आणि इथे येऊन आमचे मित्र असल्याचं सांगता, ते कसं? हिलरींनी माफी मागितली. तो माणूस रिपब्लिकन होता, त्यामुळे प्रायमरीत त्यांना मत देण्याचा प्रश्नच नव्हता. पण प्रश्न आख्ख्या खोऱ्याचा होता.

आणि आता तुझ्या समाजवादाच्या सिद्धान्ताला खरा धक्का. कोळशाच्या बाबतीत सँडर्स हिलरींपेक्षा कडक होते. त्यांना कार्बनवर कर हवा होता. कोळशाच्या बाजूने मत द्यायचं होतं, तर ते त्यांना पडायलाच नको होतं. शिवाय एक्झिट पोलमध्ये सँडर्सना मत दिलेल्यांपैकी मोठा हिस्सा, नोव्हेंबरमध्ये ट्रम्पना मत देणार, असं सांगत होता. ते खरंही झालं: नोव्हेंबरमध्ये ट्रम्पना तिथे ६८ टक्क्यांच्या आसपास मतं आणि, ओळखलं असशील, ५५च्या ५५ काउंट्या.

मग रिपब्लिकनांना मत देणारी ही माणसं डेमोक्रॅटिक प्रायमरीत काय करत होती? हा प्रश्न तुझ्या लेखात कुठेच नाही आणि माझ्या मते तोच सगळ्यात मोठा आहे. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत मतदार नोंदणी करताना पक्ष लिहितो. वेस्ट व्हर्जिनियात ही नोंद वाडवडिलांकडून आल्यासारखी असे. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्टच्या काळात खाणकामगारांच्या युनियनला बळ मिळालं, घरोघर माणसं डेमोक्रॅट झाली आणि त्यांची नातवंडंही तशीच नोंदली गेली. त्यात व्यवहारही होता. शेरीफ (काउंटीचा पोलीसप्रमुख) कोण, काउंटीचा कारभार कुणाकडे, हे दक्षिणेकडच्या काउंट्यांत डेमोक्रॅटिक प्रायमरीतच ठरायचं. नोंदणी बदलली की गावातली सत्ता ठरवण्याचा हक्क गेला. म्हणून २०००मध्ये हे राज्य जॉर्ज बुश यांच्याकडे गेलं (राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या मंडळातली या राज्याच्या वाट्याची पाच मतं त्यांचे डेमोक्रॅट प्रतिस्पर्धी अल गोर यांना मिळाली असती तर तेच राष्ट्राध्यक्ष झाले असते), तरी नोंदणीच्या यादीत रिपब्लिकनांनी डेमोक्रॅटना मागे टाकायला २०२१ उजाडावं लागलं. मधली वीस वर्षं तिथल्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत असे कितीतरी लोक मत देत होते, ज्यांचा त्या पक्षाशी संबंध फक्त कागदावर उरला होता. भरीस भर म्हणजे कोणत्याच पक्षात न नोंदलेल्यांनाही त्या प्रायमरीत मत देता येत होतं. २०१६च्या मेमध्ये ट्रम्प यांचे प्रतिस्पर्धी बाजूला झाले होते. त्यांनी राज्याच्या राजधानीत, चार्ल्स्टनच्या सभेत खाणकामगारांचं हेल्मेट डोक्यावर चढवलं आणि, आता प्रायमरीत नाही आलात तरी चालेल, मत नोव्हेंबरसाठी राखून ठेवा, असं सांगून टाकलं. चुरस उरली होती ती फक्त डेमोक्रॅटिक बाजूला.

तेव्हा कुठल्याही राज्याच्या निकालाला हात घालण्याआधी एक बघत जा: इथे मत द्यायला कुणाला परवानगी आहे आणि ते त्या यादीत कसे आले. हे कळलं नाही तर टक्केवारी नुसती शोभेची.

वर्णाचा प्रश्न तू टाळलास. टाळू नकोस. २००८च्या एक्झिट पोलमध्ये तिथल्या साधारण दर पाच गोऱ्या मतदारांपैकी एकाने, मत ठरवताना उमेदवाराचा वर्ण महत्त्वाचा होता, असं सांगितलं आणि त्यांच्यातले ऐंशी टक्क्यांहून जास्त हिलरींकडे गेले. लोक अशी गोष्ट अनोळखी माणसाला कमी करूनच सांगतात, हे धरून चाल. पण सगळा निकाल या एकाच खुंटीला टांगू नकोस. २० मे २००८ला एकाच दिवशी दोन राज्यांत मतदान झालं. केंटकीत हिलरींना ६५ टक्के, ओबामांना ३०. ऑरेगनमध्ये ओबामांना ५९, हिलरींना ४१. दोन्ही राज्यांत गोरेच बहुसंख्य. ऑरेगनमध्ये तर कृष्णवर्णीय दोन टक्क्यांच्या आसपास. आयोवातल्या गोऱ्या मतदारांनी तर त्याच जानेवारीत ओबामांना पहिला विजय दिला होता. म्हणजे ‘गोरा मतदार’ म्हणून एक वस्तू नाही. ऑरेगनमधल्या पोर्टलंडचा गोरा आणि केंटकीतल्या पाइकव्हिलचा गोरा यांच्यामध्ये अर्धा खंड आहे, नकाशावर आणि मनातही.

खरी रेघ राज्याच्या सीमेवरून जातच नाही. २००८मध्ये शेजारच्या व्हर्जिनियात ओबामा ६४ विरुद्ध ३५ असे जिंकले, पण त्याच राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातल्या कोळशाच्या काउंट्यांत त्यांचा धुव्वा उडाला. पेनसिल्व्हेनियाचा डोंगराळ भाग, आग्नेय ओहायो, पूर्व केंटकी, टेनेसीचा पूर्वेकडचा पट्टा: रंग भरलास तर अ‍ॅपलाचियन डोंगररांग आपोआप उमटते. वेस्ट व्हर्जिनिया हे एकच राज्य, जे पूर्णपणे या पट्ट्यात बसतं. म्हणूनच तिथे ‘राज्याचा कौल’ हा शब्द फसवा असूनही खरा वाटतो. बाकीच्या राज्यांत डोंगराचं मत शहरांच्या मतात बुडून जातं. आणि हा भाग म्हणजे दक्षिणेचाच तुकडा, असंही समजू नकोस. यादवी युद्धात व्हर्जिनियाशी फारकत घेऊन १८६३मध्ये हे राज्य निघालं, संघराज्याच्या बाजूने. विदर्भ आणि कोकण एका वाक्यात कोंबलेलं आपल्या डेस्कवर कुणी खपवून घेत नाही. अमेरिकेच्या बातमीत ते रोज खपतं, कारण आपले नातेवाईक एडिसनला नाहीतर सॅन होजेला असतात आणि तिथून दिसते तेवढीच अमेरिका फोनवर आपल्याकडे येते.

एक धोका मात्र आहे. हे सगळं वाचून तू उलट टोकाला जाशील आणि लिहिशील की, डोंगरातली माणसं अशीच असतात. त्यासाठी १९६०ची डेमोक्रॅटिक प्रायमरी वाच, आणि सावकाश वाच. जॉन केनेडी कॅथलिक, वेस्ट व्हर्जिनिया ९५ टक्के प्रोटेस्टंट. एप्रिलमध्ये विस्कॉन्सिन त्यांनी जिंकलं होतं, पण प्रोटेस्टंट भागांत मार खाऊन. वेस्ट व्हर्जिनियात त्यांचे प्रतिस्पर्धी ह्यूबर्ट हम्फ्री त्यांना संपवणार, असं जाणकार सांगत होते. केनेडी आठवड्यामागून आठवडे खोऱ्याखोऱ्यांत हिंडले. खाणीच्या तोंडाशी पाळी सुटताना उभे राहिले. धर्माचा विषय लपवला नाही. मतदानाच्या आदल्या रविवारी टीव्हीवरून त्यावरच बोलले. भाऊ युद्धात गेला, तेव्हा त्याला कुणी धर्म विचारला नाही, हे पुन्हा पुन्हा सांगितलं. आणि बरोबर आणला फ्रँकलिन रूझवेल्टचा मुलगा. ज्या घरांत रूझवेल्टचं नाव देवासारखं घेतलं जायचं, तिथे त्या आडनावाने शेजारी उभं राहणं म्हणजे काय, तूच विचार कर.

अर्थात सगळं भाषणांनी झालं नाही. लोगनसारख्या काउंट्यांत स्थानिक पुढारी ‘स्लेट’ काढायचे: कोणत्या पदासाठी कुणाला मत द्यायचं, त्याची छापील यादी. मतपत्रिका लांबलचक, मतदार ती यादी खिशात घालून आत जायचा. यादीत नाव यायला पैसे मोजावे लागायचे आणि केनेडींकडे ते होते. चेकबुक घेऊन फिरणं आपल्याला परवडत नाही, अशी हम्फ्रींची तक्रार होती. १० मे १९६०ला केनेडींना ६१ टक्क्यांच्या आसपास मतं पडली आणि हम्फ्रींनी माघार घेतली. यातलं किती मन वळल्यामुळे आणि किती पैशामुळे, यावर वाद घालत बस हवं तर. माझं मत असं की पैशाने दार उघडलं, पण बाकीचं काम त्या पायपिटीने केलं. आणि इथे २००८ची तुलना टाळता येत नाही. ओबामांनी वेस्ट व्हर्जिनिया हरणारच म्हणून जवळजवळ सोडूनच दिलं होतं. त्यांच्या गणितात ते बरोबरच होतं, डेलिगेट, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे प्रतिनिधी, मतांच्या प्रमाणात वाटले जातात. पण एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत देणगीदारांसमोर छोट्या गावांतल्या वैतागलेल्या, बंदुकीला आणि धर्माला चिकटून बसणाऱ्या माणसांबद्दल ते जे बोलले, ते डोंगरात त्यांच्याआधी जाऊन पोचलं होतं.

तुझा लेख फेकू नकोस. पहिले दोन परिच्छेद काढ, २०१२चा कैदी वर आण, नोंदणीचा भाग मधे घाल. शेवटी केंटकी घे. वेस्ट व्हर्जिनियानंतर आठवड्याभराने, १७ मे २०१६ला, हिलरींनी ते राज्य दोन हजारांहूनही कमी मतांनी जिंकलं. बातमीत ‘हिलरींनी केंटकी राखलं’ एवढंच आलं. तू लुइव्हिल शहर एका बाजूला ठेव, डोंगरातली पाइक काउंटी दुसऱ्या बाजूला ठेव, दोन्हींचे २००८ आणि २०१६चे आकडे शेजारी शेजारी लाव आणि मग लिहायला बस. शनिवारपर्यंत पाठवलंस तर रविवारी सकाळी वाचून ठेवीन.

तुझा,
काका