वर तरंगले, तेवढेच मोजले

पावसाळ्यातील पुराने तळ धुऊन निघत असेल, तर उष्ण कटिबंधातील नद्यांच्या गाळात मायक्रोप्लास्टिक (पाच मिलिमीटरहून लहान प्लास्टिकचे कण) खरोखर साठते का, असा आपला प्रश्न आहे. साठते. पूर तळाचा वरचा थर उपसून नेतो, परंतु पाणी ओसरताना तोच माल पूरमैदानात, वळणांच्या आतल्या काठावर आणि मुखाजवळच्या खारफुटीत टाकून जातो. वायव्य इंग्लंडमधील नद्यांवर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पुराने तळातील सुमारे ७० टक्के मायक्रोप्लास्टिक वाहून नेल्याचे आढळले होते. तो आकडा मोसमी नद्यांना सरसकट लावणे मला मान्य नाही. त्याहून मोठा घोळ मोजणीत आहे, आणि तो मी स्वतःच्या हाताने घातलेला आहे.

विद्यार्थिदशेत मी नदीचा गाळ मिठाच्या संपृक्त द्रावणात ढवळून, रात्रभर निवळू देऊन, वरचे पाणी गाळून घेत असे. या द्रावणाची घनता घन सेंटिमीटरला १.२ ग्रॅमच्या आसपास असते. त्यात पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन तरंगतात. बाटल्यांचे आणि पॉलिस्टर कापडाचे पीईटी मात्र १.३८ चे असल्याने वाळूबरोबर खाली बसते. म्हणजे जड असल्यामुळे जे गाळात सापडायला हवे, नेमके तेच मिठाच्या हातून निसटते. मार्गदर्शकांना हे सांगितले, तेव्हा अधिक घनतेचे द्रावण देणारे झिंक क्लोराइड महाग आहे आणि सगळे मीठच वापरतात, एवढ्यावर विषय संपला. उरलेला गाळ फेकून द्यायचा होता. त्यातला एक डबा मी मुद्दाम राखून ठेवला आणि पुढे १.६ घनतेच्या झिंक क्लोराइडमध्ये पुन्हा ढवळला. सकाळी बीकरच्या काठाला निळे-काळे तंतू चिकटलेले होते, आणि त्यांच्यात एक पारदर्शक कपची होती, जी तापलेली सुई टेकवताच आक्रसून गोळा झाली. अहवालात तरीही ‘प्रदूषण अल्प’ हेच शब्द राहिले.

म्हणून आपण नमुने घेणार असाल, तर द्रावणाची घनता, नमुन्याचा ऋतू आणि संख्या किलोभर कोरड्या गाळामागे आहे की ओल्या, हे लिहिल्याशिवाय एकही आकडा कोणाच्या हाती देऊ नका, मग मार्गदर्शक कितीही ज्येष्ठ असोत. झिंक क्लोराइड गाळून पुन्हा वापरता येते, हे मी तेव्हाही सांगितले होते. अर्थात ते त्वचेला दाहक आणि जलचरांना विषारी असते, त्यामुळे मोरीत ओतू नये. शिवाय त्या रात्री मी शेजारी नुसत्या द्रावणाचा बीकर ठेवला नव्हता, त्यामुळे काही तंतू माझ्याच सदऱ्याचे असू शकतील, हे मान्य केले पाहिजे. ती कपची मात्र सदऱ्याची नव्हती.