कॉलरला हात लागला तर

प्रिय लेकी,

एसटीत वाहक म्हणून बिल्ला मिळाला, ड्युटी लागली, अभिनंदन. सुट्ट्या पैशांवरून किंवा गाडी फलाटाला उशिरा लागली म्हणून अंगावर येणारा कुणीतरी नाशिकच्या ठक्कर बाजार नाही तर महामार्ग स्थानकावर भेटेलच. कायदा तुझ्या बाजूने आहे, पण तो आपण होऊन चालत येत नाही. पहिल्या तास-दोन तासांत कागदावर काय उतरतं, त्यावर कलम ठरतं.

आगारात जुन्यांच्या तोंडी अजून 'तीनशे त्रेपन्न, पाच वर्षं' आहे, म्हणजे लोकसेवकाला (सरकारी कामावरच्या माणसाला) कामापासून रोखायला हात टाकला तर लागणारं जुनं कलम. ते विसर. ती पाच वर्षं महाराष्ट्राने जुन्या दंड संहितेत दुरुस्ती करून आणली होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, त्याच गुन्ह्याचं कलम १३२ झालं आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. हे मला पटलेलं नाही, पण ठाण्यात आपली मतं चालत नाहीत. गुन्हा दखलपात्र (पोलीस स्वतःहून तपास करू शकतात) आणि अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही) आहे. कॉलर धरणं, धक्का देणं, हातातलं तिकीट मशीन हिसकणं एवढंही यात बसतं, रक्त निघायलाच हवं असं नाही. नुसती शिवी बसत नाही.

इजा झाली की कलम १२१. साध्या दुखापतीला पाच वर्षांपर्यंत, गंभीर दुखापतीला किमान एक आणि कमाल दहा वर्षं. 'गंभीर' म्हणजे काय हे डोक्यात पक्कं ठेव: हाड मोडणं किंवा निखळणं, दात पडणं, चेहऱ्यावर कायमचा व्रण, किंवा पंधरा दिवस नेहमीची कामं करता न येणं. पूर्वी हे वीस दिवस होते. म्हणून त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात जा, पोलिसांचं पत्र घेऊन. कानशिलात बसली असेल तर कानही तपासायला सांग. ऐकू येणं कायमचं गेलं तर तेही गंभीरच धरतात. 'काही नाही, थोडं सुजलंय' म्हणून घरी गेलीस आणि तिसऱ्या दिवशी दात हलला, तर तो याच मारामुळे हलला हे सिद्ध करताना नाकी नऊ येतात.

आता सगळ्यात नाजूक मुद्दा. १३२ आणि १२१ ही कलमं लोकसेवकासाठी आहेत. एसटीच्या कर्मचाऱ्याला १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याचं कलम ४३ लोकसेवक ठरवतं, पण कर्तव्य बजावत असताना. बचावाचा वकील नेमकं इथेच बोट ठेवतो. वेबिल (फेरीतल्या तिकिटांचा हिशेबाचा कागद), ड्युटीची नोंद, मशीनवर शेवटचं तिकीट किती वाजता फाडलं ते, या सगळ्याच्या प्रती फिर्यादीसोबत द्यायच्या. सिटीलिंकवर (नाशिकच्या शहर बससेवेवर) किंवा भाडेतत्त्वावरच्या गाडीवर कंत्राटदाराचा माणूस असला तर हाच वाद जास्त पेटतो. त्याने नेमणुकीचं पत्र आणि त्या दिवसाचा ड्युटीचा आदेश जोडलाच पाहिजे. नाहीतर प्रकरण साध्या मारहाणीच्या ११५(२) वर येतं. ते अदखलपात्र, म्हणजे हातात एनसीचा (नुसत्या अदखलपात्र नोंदीचा) कागद आणि दारावर तडजोडीला माणसं. १३२ आणि १२१ मध्ये आपसात मिटवायची सोयच कायद्यात नाही.

फिर्यादीत 'मला मारहाण केली' एवढंच लिहू नकोस. असं लिही: 'मी अमुक गाडीवर वाहक म्हणून कामावर असताना, तिकीट मागितल्यावर आरोपीने उजव्या हाताने माझी कॉलर धरून मला दरवाजाच्या दांडीवर ढकललं, त्यामुळे मला पुढचं तिकीट देता आलं नाही.' काम, कारण, हात, परिणाम, चारही आले. वाईट हेतूने अंगाला हात लावला असेल तर तेही स्पष्ट सांग. त्याला कलम ७४ आहे, एक ते पाच वर्षं, आणि तो जबाब महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायचा असतो.

गाडी इगतपुरी आणि नाशिकच्या मध्ये असताना घडलं तर 'हद्द आमची नाही' ऐकायला मिळेल. हद्द कुठलीही असो, फिर्याद घ्यावीच लागते; शून्य क्रमांकाने नोंदवून पुढे पाठवतात. प्रत फुकट मिळते, मागून घे. नकारच दिला तर शहरात पोलीस आयुक्तांना, ग्रामीण भागात अधीक्षकांना लेखी पाठव.

काच फोडली असेल तर आगाराला वेगळी तक्रार द्यायला सांग. सार्वजनिक वाहतुकीच्या साधनाचं नुकसान केलं तर १९८४ च्या कायद्याने सहा महिने ते पाच वर्षं सक्तमजुरी आहे.

उलट हात उचलू नकोस. एक चापट मारलीस तरी समोरचा आधी ठाण्यात पोहोचतो आणि क्रॉस केस, म्हणजे तुझ्यावरच उलटी तक्रार, लागते. त्याऐवजी वाहतूक नियंत्रकाला हाक मार, रोकड त्याच्यासमोर मोज, दोन प्रवाशांचे मोबाईल नंबर लिहून घे. कुणी मोबाईलवर चित्रण केलं असेल तर मूळ फाईल त्या फोनमध्येच राहू दे म्हणावं. न्यायालयात तिच्यासोबत प्रमाणपत्र लागतं, व्हॉट्सॲपवर फिरून आलेल्या क्लिपवर वकील तुटून पडतात. स्थानकातल्या आणि गाडीतल्या कॅमेऱ्याचं चित्रण जपून ठेवावं असा अर्ज आगार व्यवस्थापकांना त्याच दिवशी दे आणि पोच घे. जुनं चित्रण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं.

आणि संध्याकाळी तोच माणूस निमाणी स्थानकावर चहा पिताना दिसला तर खचू नकोस. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात पोलीस अटक न करता हजर राहण्याची नोटीस देऊ शकतात. गुन्हा कायम असतो. त्याने तिथे काही धमकी दिली तर वेळ लिहून ठेव आणि तपास अधिकाऱ्याला लगेच कळव.

तुझा,
काका