पेपर आहेत म्हणजे टेस्ट झाल्या असं नाही

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. आमच्याकडे 16 महिन्यांची लॅब्राडोर फीमेल आहे, डॉली. एकदा हीटवर (माजावर) येऊन गेली, आता चवथीच्या आसपास परत येईल असं वाटतंय. म्हापशाला ओळखीच्यांकडे मेल आहे, केसीआय (केनेल क्लब ऑफ इंडिया) पेपरवाला, एकदम तगडा. ते म्हणतात याच हीटला क्रॉस करूया, पैसे नकोत, एक पिल्लू द्या. पण आमची मुलगी म्हणते आधी डीएनए टेस्ट, हिपचे (खुब्याचे) एक्स-रे करायला हवेत. ते म्हणतात दोघांचे पेपर आहेत, दोन्ही कुत्रे धडधाकट आहेत, कशाला उगाच खर्च. खरंच लागतं का हे सगळं?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : लागतं. तुमची मुलगी बरोबर बोलतेय.

केसीआयचा पेपर सांगतो आई कोण, बाप कोण, त्यांच्या मागची घराणी कुठली. कुत्र्याचे सांधे कसे आहेत, डोळे कसे आहेत हे त्यात कळत नाही, आणि दिसायला तगडा आहे यावरूनही कळत नाही, कारण लॅब्राडोरमधले बरेच आजार तरुणपणी बाहेरून दिसतच नाहीत, पिल्लं देऊन झाल्यावर वर येतात.

पहिली गोष्ट, या हीटला नको म्हणजे नको. केंद्र सरकारच्या 2017 च्या डॉग ब्रीडिंगच्या नियमात फीमेल कमीत कमी 18 महिन्यांची हवी असं आहे, पण मी तर म्हणेन दोन वर्षं पूर्ण होऊ देत. हिपच्या एक्स-रेचं अमेरिकेतल्या ओएफए या कुत्र्यांचे सांधे तपासून ग्रेड देणाऱ्या संस्थेचं कायमचं ग्रेडिंग 24 महिन्यांनंतरच मिळतं, त्याआधीच्या प्लेटवर पक्कं काही देत नाहीत. आणि एक्स-रे हीटमध्ये किंवा हीटच्या आगेमागे काढू नका, त्या दिवसात हार्मोन्समुळे सांधा सैल दिसू शकतो.

एक्स-रे कसा काढतात तेही बघून घ्या, कारण इथे घाईघाईत काढलेल्या प्लेट खूप येतात. कुत्र्याला गुंगी देऊन उताणं झोपवायचं, मागचे दोन्ही पाय सरळ मागे ओढून एकमेकांना समांतर धरायचे आणि थोडे आत वळवायचे म्हणजे गुडघ्याच्या वाट्या बरोबर मधोमध येतात. कंबरेचं हाड जरा जरी तिरकं पडलं तरी एका बाजूचा सांधा आहे त्यापेक्षा चांगला दिसतो आणि दुसरा वाईट. मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीत खोल घट्ट बसलाय की अर्धा बाहेर आहे, तेच बघायचं असतं. कोपरांच्या प्लेट त्याच गुंगीत काढून घ्या, आणि कुत्र्याच्या कातडीखाली बसवलेल्या मायक्रोचिपचा नंबर प्लेटवरच छापून घ्या, नाहीतर उद्या ही प्लेट कुणाची हे कोण सांगणार.

आता डीएनए. बरेच जण विचारतात, डीएनए केली की एक्स-रे कशाला. हिप डिस्प्लेशिया, म्हणजे खुब्याचा सांधा खोबणीत नीट न बसणं, एका जीनमुळे होत नाही, अनेक जीन मिळून होतो आणि त्यात खाणं, वजन, गुळगुळीत लादीवर घसरत वाढणं हेही येतं, त्यामुळे एक्स-रेच्या जागी चालेल अशी डीएनए टेस्ट नाही. उलट पीआरए, म्हणजे डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी होतो तो आजार, आणि ईआयसी, म्हणजे जोरात धावल्यावर पाच ते वीस मिनिटांत मागचे पाय लुळे पडतात तो आजार, हे एक्स-रेत दिसणार नाहीत, तिथे डीएनएच लागते. ईआयसीचा जीन 2008 मध्ये सापडला, आता ती साधी टेस्ट आहे. आपल्याकडच्या उकाड्यात ईआयसीवाला कुत्रा बीचवर चेंडूमागे धावला तर कोसळून जीवावर बेतू शकतं, म्हणून लॅब्राडोरमध्ये ही टेस्ट मी सोडू देत नाही.

सॅम्पल घरीच घेता येतं. आधी तासभर खायला द्यायचं नाही, मग स्वॅब (कापसाचा बोळा लावलेली काडी) गालाच्या आतून नीट घासायचा आणि पाकिटात घालण्याआधी हवेत पूर्ण वाळू द्यायचा. पावसात हे फार सांभाळा, दमट स्वॅबला कुरिअरमध्येच बुरशी येते आणि सगळं परत करावं लागतं.

शेवटचं म्हणजे ब्रुसेला या जंतूची रक्ततपासणी, आणि ही दोघांचीही, प्रत्येक मेटिंगच्या आधी. ब्रुसेला कॅनिस मेटिंगमधून पसरतो, फीमेलचा गर्भ उशिरा पडतो, माणसालाही लागू शकतो, आणि एकदा कुत्र्याच्या अंगात शिरला की पूर्ण जाईल याची खात्री नसते. त्याच वेळी गोचिडतापाचीही तपासणी करा, आपल्याकडे बाहेरून बरी दिसणारी कुत्रीही आतून एर्लिकिया, म्हणजे गोचिडतापाचे जंतू, घेऊन फिरत असतात. हे सगळं म्हापशाच्या मेलचंही हवं, ते नाही म्हणाले तर दुसरा मेल बघा, संबंध बिघडतील म्हणून गप्प बसू नका.

प्रश्न : आमच्या लॅब्राडोर मेलचा डीएनए रिपोर्ट आला, पीआरए कॅरिअर. बाकी सगळं क्लिअर, हिप उत्तम. आता त्याच्याकडून पिल्लं घ्यायचीच नाहीत का?
— फोंडा

उत्तर : घ्या, पण जोडी बघून. कॅरिअर म्हणजे खराब जीनची एकच प्रत असलेला कुत्रा, त्याला स्वतःला हा आजार होत नाही. पिल्लाला आजार व्हायला खराब जीन आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो. फीमेल क्लिअर असेल तर एकही पिल्लू आंधळं होणार नाही, फक्त प्रत्येक पिल्लू कॅरिअर निघायची शक्यता 50 टक्के. पण कॅरिअरला कॅरिअर लावला तर प्रत्येक पिल्लाला 25 टक्के धोका, आणि ते दोन महिन्यांचं असताना कुणाला काही कळत नाही, काही वर्षांनी तेच कुत्रं तिन्हीसांजेला पायरीवर अडखळायला लागतं तेव्हा कळतं. प्रत्येक कॅरिअर बाद करत बसलो तर चांगल्या हिपची, चांगल्या स्वभावाची कुत्रीही जातील आणि ब्रीडिंगला उरलेली मोजकीच कुत्री पुन्हा पुन्हा वापरली जातील, त्यातून दुसरेच आजार वर येतात. पिल्लांच्याही टेस्ट करा आणि घेणाऱ्याला रिपोर्टची कॉपी द्या. डोळ्याचे सगळे आजार डीएनएत सापडत नाहीत, म्हणून वर्षातून एकदा डोळ्यांच्या जाणकार व्हेटकडून बाहुली मोठी करून तपासून घ्या.

प्रश्न : पिल्लू विकत घेतोय, विकणारा म्हणतो पेरेंट्स टेस्टेड आहेत. खरं कसं ओळखायचं?
— पेडणे

उत्तर : रिपोर्ट मागा, आई-बाप दोघांचे. रिपोर्टवरचा मायक्रोचिप नंबर आणि कुत्र्याच्या अंगातला नंबर स्कॅनर लावून जुळवा. व्हेटने लिहिलेलं नुसतं फिटनेस सर्टिफिकेट ही टेस्ट नव्हे. आणि पिल्लू आठ आठवड्यांच्या आत देत असेल तर घेऊ नका, नियमातही ते बसत नाही.